चिऊचा हेडशॉट: ८ जुलै ते २१ सप्टेंबरच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२५

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिऊने बालनाट्य शिबिर केलं. वय साडेसात, यंदा दुसरीत. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "हिला कॅमेऱ्यासमोर उभी करून बघा." त्यांच्याच ओळखीतून एका मराठी मालिकेसाठी कास्टिंग करणाऱ्या टीमचा नंबर मिळाला आणि काल तिथून व्हॉट्सॲपवर फोटो मागितले गेले. मी लगेच शनिवारच्या शाळेच्या दिंडीतला पाठवला. नऊवारी, नथ, चंद्रकोर, डोक्यावर छोटं तुळशीवृंदावन, डोळे भरून काजळ. दहा मिनिटांत उत्तर आलं: "ताई, खूप गोड आहे. पण साधा फोटो पाठवा. मेकअप नको, चेहरा सरळ, केस कपाळावरून मागे."

साधा फोटो शोधायला बसले. फोनमध्ये तिचे चार हजारांवर फोटो आहेत. वाढदिवस, लग्नं, किल्ले, गणपती, सगळं आहे. सरळ बघणारी, नटलेली नसलेली, चेहऱ्यावर उजेड असलेली चिऊ एकाही फोटोत सापडली नाही. शेवटी रात्री ट्यूबलाइटखाली उभी करून चार फोटो काढले आणि पाठवले. त्याला अजून उत्तर नाही. ते फोटो आज सकाळी मी पुन्हा पाहिले. डोळ्यांखाली सावली, नाक मोठं, कान गायब. मी असते तर मीही उत्तर दिलं नसतं.

म्हणून आता चिऊचा हेडशॉट, म्हणजे कास्टिंगला पाठवायचा चेहऱ्याचा साधा फोटो, नीट काढून घ्यायचं ठरवलं आहे. आमच्या शिबिरातल्या आणखी तीन-चार आया याच वाटेवर आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून नोंदी ठेवते आहे.

१२ जुलै

आज पैसे गेले, ते आधी लिहिते.

एका कोऑर्डिनेटरचा, म्हणजे कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचा, फोन आला. चिऊचा फोटो त्याच्यापर्यंत कुठून पोहोचला ते त्याने सांगितलं नाही. "मोठ्या बिस्किट कंपनीची जाहिरात आहे, मुलीचा चेहरा एकदम फिट आहे, फक्त नोंदणी आणि कार्डाचे अडीच हजार आत्ताच भरा, संध्याकाळी यादी बंद होतेय." मी भरले. मग दुसरा फोन आला, की पोर्टफोलिओ (दाखवायच्या फोटोंचा संच) आमच्याच स्टुडिओत करावा लागेल, त्याचे पंधरा हजार. तेव्हा मी सरांना विचारलं. सरांनी एकच प्रश्न केला, "काम देणारा माणूस तुमच्याकडून पैसे का घेईल?" त्यानंतर त्या नंबरवर रिंग जाते, कोणी उचलत नाही. २,५०० रुपये गेले.

आता माझा नियम असा आहे: ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कोऑर्डिनेटर कमिशन घेतो ते काम मिळाल्यावर, मानधनातून. फोटोग्राफरला पैसे द्यायचे, कारण तो फोटो काढतो. आणि "फोटो आमच्याचकडे काढा तर काम" असं कोणी म्हणालं की तिथेच थांबायचं. घाईची भाषा आली, की त्या दिवशी काहीच भरायचं नाही.

१६ जुलै

फोटोग्राफर ठरवण्यात तीन दिवस गेले. पाच जणांशी बोलले. दोघांचं काम वाढदिवसाच्या फोटोंचं होतं, म्हणजे फुगे, पंख, टोपल्या. फोटो सुंदर होते, पण मुलापेक्षा टोपलीकडे जास्त लक्ष जात होतं. एकाने मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ दाखवला. त्यातल्या सहा वर्षांच्या मुलींना लिपस्टिक लावून कमरेवर हात ठेवायला लावलं होतं. तिथून मी परत फिरले.

शेवटी अंधेरी पश्चिमेच्या एक ताई ठरल्या. नाटकवाल्यांचे फोटो काढतात, मुलांचेही काढलेले आहेत. त्यांनी मला त्यांचे नऊ फोटो दाखवले आणि मी मुद्दाम विचारलं, यातली किती मुलं एकसारखी हसतायत? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघा ना." एकही नव्हतं. दोन लूक, दीड तास, चार फोटो एडिट करून, ९,००० रुपये. तारीख १० ऑगस्ट, रविवार.

ठरवताना विचारलेल्या गोष्टी, ज्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. आई किंवा बाबा पूर्ण वेळ खोलीत असणार का, याचं उत्तर "हो" सोडून दुसरं काही आलं तर विषय संपला. मुलाचे फोटो फोटोग्राफर स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकणार का? आम्ही नको म्हटलं आणि ते लेखी घेतलं. एडिटिंगमध्ये नेमकं काय करणार? आणि फोटोंचा हक्क कोणाचा? यावर घरी बराच खल झाला, तेव्हा चिऊच्या बाबांनी स्वामित्वहक्क कायदा काढून वाचला. १९५७च्या त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, की पैसे देऊन एखाद्याने छायाचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. वेगळा करार नसल्यास, हे शब्द महत्त्वाचे. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. ताईंच्या कागदात एक ओळ होती, की जाहिरातीसाठी फोटो वापरता येतील. सांगितल्यावर त्यांनी ती लगेच खोडली.

२० जुलै

घरी तालीम. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच, आणि सर्वांत वाईट गेलेलाही.

ताईंनी सांगितलं होतं, एकदा घरी खिडकीशी बसवून बघा, तिला सवय होईल. हॉलच्या उत्तरेच्या खिडकीशी स्टूल ठेवलं. पावसाळी ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येत होता, डोळ्यांत खिडकीचा छोटा चौकोनी ठिपका दिसत होता. फोटोग्राफर त्याला कॅचलाइट म्हणतात. तो नसला की डोळे विझल्यासारखे दिसतात, आणि ट्यूबलाइटखालच्या फोटोंत तो नव्हता. फोन हातभर अंतरावर धरला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात, म्हणून मी पाच-सहा फूट मागे सरकले आणि झूम दोनवर ठेवला. चेहरा जागेवर आला. ही एवढीच गोष्ट ८ जुलैला माहीत असती तर ती संधी गेली नसती.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. दोनशे सहा फोटो काढले. रात्री आम्ही दोघं बघायला बसलो तर दोनशे सहा फोटोंत एकच चेहरा. मान किंचित डावीकडे, ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, वरचे-खालचे दात एकावर एक, डोळे बारीक, गाल वर. मी फोन वर केला की तो चेहरा येतो आणि फोन खाली घेतला की एका क्षणात उतरतो. फोन खाली घेतल्यावरची चिऊ मला फार आवडते. ती नखं कुरतडत खिडकीबाहेरच्या कबुतराकडे बघत होती, भुवया जवळ आलेल्या, ओठ अर्धवट उघडे. फोटोत ती कुठेच नाही.

मग बाबांनी दोन वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ लावला. त्यात माझा आवाज आहे: "चिऊ, हस. हस ना. दात दाखव. छान हस." तीन वर्षांची असल्यापासून हेच. मी, आजी, मामा, शाळेच्या बाई, सगळ्यांनी हेच. तो चेहरा तिने आमच्यासाठी बनवलेला आहे. आम्ही मागितला, तिने दिला, आम्ही कौतुक केलं. आता तो काढायचा कसा?

त्या रात्रीपासून घरात "हस" हा शब्द बंद. आजीलाही सांगितलं. आजींना ते आधी पटलं नाही, "लेकराला हसू नको म्हणता?" म्हणाल्या. मग त्यांना ते फोटो ओळीने दाखवले. चष्मा वर करून त्यांनी वीस-पंचवीस पाहिले आणि म्हणाल्या, "ही आपली चिऊ नाही."

२६ जुलै

कपडे. इथे पैसे वाया गेले.

मी तीन नवे टॉप आणले. गडद गुलाबी ८५० रुपयांचा, बारीक निळ्या-पांढऱ्या रेघांचा ७५०चा आणि बाटली हिरवा ७५०चा. तिन्हीची लेबलं घरी येताच कापली, ही पहिली चूक, कारण नंतर दुकानदार परत घेईना.

खिडकीशी घालून बघितले. गुलाबीचा रंग हनुवटीच्या खाली आणि गालांवर चढला, ताप आल्यासारखी दिसत होती. बारीक रेघा फोनच्या पडद्यावर वळवळल्या. फोटो लहान केला की त्या जागी पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी येते आणि डोळा तिकडेच जातो. बाटली हिरवा चांगला. आणि सगळ्यांत चांगला निघाला तो दोन वर्षं वापरलेला मोहरी रंगाचा सुती टी-शर्ट. धुऊन धुऊन मऊ झालेला, गळा बरोबर बसणारा. तो घातला की ती खांदे उचलून बसत नाही.

बाकी इतरांच्या अनुभवावरून टाळलेल्या गोष्टी: छाती भरून अक्षरं किंवा कार्टून, ब्रँडचं नाव, अगदी पांढरं, अगदी काळं, चमकी, फुगलेल्या बाह्या, गळ्यात-कानात लटकणारं काही. शाळेचा गणवेश तर नकोच. त्यावर शाळेचं नाव असतं आणि हा फोटो किती फोनांमध्ये फिरेल ते आपल्या हातात नाही.

कपड्यांना मी जास्त वेळ दिला. दोन शनिवार गेले. घरातल्या कपाटातून सुरुवात केली असती तर अर्ध्या तासात झालं असतं.

२ ऑगस्ट

केस. पार्लरमध्ये सांगितलं, "फक्त टोकं सारखी करा." चिऊने आरशात बघून मान हलवली आणि त्या मुलीने कपाळावरची झुलपं सरळ करायला घेतली. सरळ होईपर्यंत ती भुवयांच्या दोन बोटं वर गेली. ३५० रुपये.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे झुलपं पूर्वीच्या जागी यायला गणपती सोडा, दिवाळी उजाडेल. चिऊ रिक्षात रडली. मी रडले नाही, पण फोटोग्राफर ताईंना फोन करताना आवाज बदलला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "पुढचे दोन महिने ती अशीच दिसणार ना? मग फोटोतही अशीच दिसू दे. ऑडिशनला दारातून येणारी मुलगी आणि फोटोतली मुलगी एकच पाहिजे." एवढं सोपं होतं. तरी माझं म्हणणं, केस कापायचेच असतील तर तीन आठवडे आधी. बिघडले तर बसायला वेळ मिळतो.

तेलाचं एक लिहायचं राहील. आमच्याकडे शनिवारी रात्री डोक्याला तेल असतं आणि रविवारी न्हाणं. एकदा धुऊन तेल पूर्ण निघत नाही, लाइटखाली केस डोक्याला चिकटलेले दिसतात. फोटोच्या आठवड्यात तेल बुधवारीच लावायचं ठरवलं.

५ ऑगस्ट

फोटोचा चेहरा घालवायच्या खटपटी. काय चाललं नाही ते आधी.

"नॉर्मल बस" म्हटलं की ती पुतळ्यासारखी बसते. "सॅड कर, अँग्री कर" म्हटलं की मालिकेतल्या बायकांसारखी भुवई उडवते. आरशासमोर सराव करायला लावला तर वेगवेगळे चेहरे करून दाखवू लागली आणि तेच पक्के होऊ लागले. तो सराव एका दिवसात बंद केला. गुदगुल्या केल्या की खरं हसते, पण डोळे पूर्ण मिटतात.

जे चाललं ते सरांनी सांगितलं. चेहरा मागायचा नाही, विचार द्यायचा. "आजीने लाडूचा डबा कुठे लपवलाय, मला सांगायचं नाही, फक्त मनात आठव." ती आठवते, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात ते दिसतं. "खालच्या मजल्यावरचा बोका आत्ता दारात आला तर त्याला काय सांगशील? मनातल्या मनात सांग." ओठ हलतात, हनुवटी पुढे येते. डोळे मिटायचे, मी तीन म्हटलं की उघडायचे आणि सरळ कॅमेऱ्याच्या काचेत बघायचं. उघडल्यानंतरचे पहिले दोन सेकंद खरे असतात. मग जुना चेहरा परत येतो. पण दोन सेकंद पुरतात.

रोज जेवणाआधी पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. मी फोन हातात धरते, पण दर वेळी फोटो काढत नाही. फोन वर झाला म्हणजे काहीतरी करून दाखवायचं असतं, ही गाठ सुटायला हवी आहे. आज चौथ्या दिवशी पहिल्यांदा फोन वर असताना ती कंटाळलेली दिसली. मला फार बरं वाटलं.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. उद्या फोटो.

काल संध्याकाळी आत्या आल्या. मी नारळीभाताच्या तयारीत स्वयंपाकघरात. बाहेर आले तर चिऊचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले. आत्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी रंग बघितला, गडद तपकिरी. लिंबू, साखर, तेल, बेसन, सगळं चोळून पाहिलं. हात लाल झाले, मेंदी तशीच. हे चोळणं मी थांबवायला हवं होतं, तिची कातडी दुखावली.

हेडशॉटमध्ये हात येत नाहीत, पण आमच्या चारांपैकी दोन फोटो कमरेपर्यंतचे आहेत. ताईंनी पुढची तारीख दिली, १७ ऑगस्ट. आदल्या दिवशी तारीख बदलण्याचे १,००० रुपये कागदात लिहिलेलेच होते, ते दिले.

तारीख ठरवताना मी शाळेच्या परीक्षा बघितल्या, पंचांग बघितलं नाही. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात दर आठवड्याला काहीतरी असतं. घरातल्या सगळ्यांना, येणाऱ्या पाहुण्यांनाही, पंधरा दिवस आधी सांगून ठेवा: मेंदी नाही, चेहऱ्यावर टॅटूचे स्टिकर नाहीत, टिकली नाही.

१४ ऑगस्ट

परवा वरचा समोरचा दात पडला. दुधाचा, गेला महिनाभर हलत होता. शाळेच्या डब्यातल्या पोळीत सापडला. तिने तो रुमालात बांधून आणला आणि अभिमानाने दाखवला. मी आधी "अरेरे" म्हणाले. तिचा चेहरा पडला. ते "अरेरे" मला अजून टोचतंय.

फोन केला, पुन्हा पुढे ढकलू का? ताई म्हणाल्या, कायमचा दात पूर्ण यायला काही महिने जातील, तोवर थांबणार का? आणि सात वर्षांच्या मुलीच्या भूमिकेसाठी सात वर्षांचं तोंड हवं असतं. मी विचारलं, एडिट करून दात बसवता येईल? त्या स्पष्ट म्हणाल्या, "ते मी करत नाही." आता दोन दिवसांनी मला त्यांचं बरोबर वाटतं. ऑडिशनच्या खोलीत दात कुठून आणणार होते मी?

१७ ऑगस्ट

फोटोचा दिवस. काल दहीहंडी. ठाण्यात राहून दहीहंडीच्या रात्री मूल लवकर झोपवणं कठीण. आम्ही दुपारी एक हंडी दाखवून आणली, संध्याकाळी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला. साडेनऊला झोपली. वेळ मुद्दाम सकाळी ११ची घेतली होती. ती सकाळी ताजी असते, दुपारी तीननंतर चिडते. आपलं मूल कधी खुलतं ते फोटोग्राफरला माहीत नसतं, आपण सांगायचं.

लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने डी. एन. नगर. रविवार म्हणून दोन गाड्या आधीची धरली, तरी पावसात वीस मिनिटं गेली. कपडे हँगरवर, वर प्लास्टिक. चिऊ डबक्यात पाय घालून आली आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली. जादा पँट नव्हती. ताईंकडच्या टॉवेलवर बसवली. वर मोहरी टी-शर्ट, खाली टॉवेल, असाच पहिला लूक झाला. फोटोत खांद्याखालचं काही दिसत नाही.

सोबत घेतलेलं: केळं, मऊ पोळीचा रोल, पाणी, ओला रुमाल, कंगवा, टिशू. चॉकलेट आणि रंगीत सरबत घरीच ठेवलं, जीभ-ओठ रंगतात. पावडर नाही, काजळ नाही. नाकावर घाम आला तर टिशू हलका टेकवायचा, पुसायचा नाही, पुसलं की लाल होतं.

पहिली चाळीस मिनिटं वाया गेली आणि ती माझ्यामुळे गेली. राखाडी पडदा, बाजूला मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारा दिवा), समोर खालून उजेड परतवणारा पांढरा रिफ्लेक्टर, ८५ मिलीमीटरची लेन्स लावलेला कॅमेरा. ती स्टुलावर चढली. मी ताईंच्या मागे उभी राहिले आणि महिनाभराची सगळी शिस्त विसरले. "सरळ बस. केस. चिऊ, इकडे बघ. हस—" तो शब्द तोंडातून गेला, आणि समोर तो चेहरा आला. मान डावीकडे, ओठ ताणलेले. फक्त आता मधोमध एक खिंडार.

ताईंनी कॅमेरा खाली घेतला. "ताई, तुम्ही त्या खुर्चीवर बसता का?" खुर्ची भिंतीशी, चिऊला मान वळवली की दिसेन अशी, पण कॅमेऱ्याच्या रेषेत नाही. मी बसले आणि फोन पिशवीत टाकला. ताईंनी पाच मिनिटं एकही फोटो काढला नाही. स्वतः जमिनीवर बसल्या, कॅमेरा मांडीवर. विचारलं, "दात कुठाय?"

चिऊने सांगायला सुरुवात केली. डबा, पोळी, कडक काहीतरी लागलं, मैत्रीण किंचाळली, बाईंनी रुमाल दिला. सांगता सांगता तिने जिभेचं टोक त्या फटीत घातलं आणि पुढचं वाक्य आठवण्यासाठी क्षणभर थांबली. भुवया जवळ, डोळे थेट काचेत, ओठांच्या एका कडेला अजून न सांगितलेलं काहीतरी. शटरचा आवाज झाला. २० जुलैच्या कबुतराकडे बघणारी मुलगी ती हीच. मला भिंतीशी बसूनही कळलं.

नंतर बाटली हिरवा टॉप, बोक्याचा खेळ, लाडूचा डबा. मेंदी फिकट नारिंगी उरली होती, कमरेपर्यंतच्या फोटोत हात मागे बांधले. साडेबाराला तिने स्वतःच सांगितलं, "आता बास." ताईंनी लगेच थांबवलं. परतताना पाऊस वाढला, टॅक्सी केली. जाता-येता मिळून ९५० रुपये.

२४ ऑगस्ट

मधल्या दोन-तीन दिवसांत मुसळधार पाऊस, शाळा बंद. निवडीला वेळ मिळाला.

एकूण ३८८ फोटो आले. मी निवडलेल्या दहांत आठ हसरे होते. सरांनी निवडलेल्या पाचांत माझा एकच. मग आम्ही बाबांच्या ऑफिसातल्या, चिऊला कधीही न भेटलेल्या दोघांना विचारलं: ही मुलगी कशी असेल? हसऱ्या फोटोंवर दोघेही म्हणाले, "गोड." दाताच्या गोष्टीतल्या फोटोवर एक म्हणाला, "ही काहीतरी उद्योग करून आलीय," दुसरा म्हणाला, "हिला खूप प्रश्न पडत असतील." तो फोटो पहिला.

आणखी एक कसोटी: फोटो पडद्यावर अंगठ्याएवढा करून बघायचा. कास्टिंगवाले तो तसाच बघतात, शंभर फोटोंच्या ओळीत. तेवढ्यातही डोळे दिसले पाहिजेत.

एडिट होऊन आला तेव्हा गाल बाहुलीसारखे गुळगुळीत. परत पाठवला. डासाचा चावा काढला तर चालेल, तो आठवड्यात जाणारच. उजव्या गालावरचा तीळ आणि नाकावरचं जुनं ओरखड्याचं पांढरं वण राहू द्या. एक जादा फोटो एडिट केला, त्याचे ५०० रुपये.

७ सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं, ते ठीकच.

फाइली तयार केल्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि डोळ्यातला ठिपका पुसट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फाइलच्या नावात घरचं नाव, वय, उंची, महिना. शाळा, पत्ता, आडनाव नाही. संपर्क बाबांचा, चिऊच्या नावाने कुठेही खातं नाही. सोबत एक मिनिटाची ओळख, फोन आडवा धरून: नाव, वय, उंची, शहर, भाषा, डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढे-मागे. मेंदी आता पूर्ण गेली आहे.

कायद्याचंही वाचून ठेवलं, काम आलंच तर. बालकामगार कायदा १९८६चा, २०१६ साली दुरुस्त झालेला, त्याचे नियम २०१७ साली बदलले. मुलाकडून दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. आणि मुलाची स्वतःची तयारी हवी, नुसती आईबापांची नाही. हे प्रश्न मी पहिल्या फोनवरच विचारणार आहे.

२१ सप्टेंबर

हिशेब. फसवणूक २,५००, कपडे २,३५०, केस ३५०, फोटो ९,०००, तारीख बदल १,०००, जादा फोटो ५००, प्रवास ९५०. एकूण १६,६५०. त्यातले ५,१०० टाळता आले असते: नोंदणीचे, दोन टॉपचे आणि मेंदीचे. वेळ अडीच महिने. पंचांग आणि कपाट आधी बघितलं असतं तर महिनाभरात झालं असतं.

काल पहिली ऑडिशन, अंधेरीलाच. दारात एक मुलगी यादी आणि फोन घेऊन उभी होती. तिने पडद्यावरचा फोटो बघितला, चिऊकडे बघितलं आणि काही न विचारता नावापुढे खूण केली. आत चिऊ एकटी बोलली, मी काचेपलीकडे. निकाल कळलेला नाही.

रात्री दात घासताना तिने मला बोलावलं. फटीत पांढरी, करवतीसारखी धार दिसते आहे. ताईंना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, दात अर्धा आला की चेहरा बदलेल, तेव्हा एक हेडशॉट नवा काढू. अंदाजे डिसेंबर. कॅलेंडरवर मार्गशीर्षातले गुरुवार आणि नाताळची सुट्टी आधी खुणावून घेतली, मधला ७ तारखेचा रविवार मोकळा ठेवला आहे. आत्यांना आजच फोन केला.